आठ थर्मोकपल आणि रिकामी यादी

सकाळी साडेनऊला प्रयोगशाळेत गेलो तेव्हा भट्टी निवली होती आणि माझी विद्यार्थिनी संगणकासमोर गप्प बसली होती. सिलिकॉनच्या चकतीवरचा ऑक्साइडचा पातळ थर रात्रभर ६०० अंश सेल्सियसला तापवून सावकाश थंड करायचा होता. भट्टीत आठ ठिकाणी थर्मोकपल लावले होते. कोणत्या क्षणी कुठे किती तापमान होतं, याची नोंद दर १० सेकंदांनी व्हायला हवी होती. १० तासांची फाइल तयार होती आणि तिच्यात ३६०० ओळी होत्या. प्रत्येक ओळीत सुरुवातीला वेळ होती, शेवटी ‘सर्व तापमाने मर्यादेत’ असा शेरा होता आणि मधली जागा मोकळी होती. तापमान एकही नव्हतं.

“सर, एरर एकही नाहीये,” ती म्हणाली. “प्रोग्राम नीट चालला, नीट संपला.”

भट्टीला स्वतःचा नियंत्रक आहे आणि जास्त तापल्यास वीज तोडणारी वेगळी सोयही आहे, त्यामुळे काही जळलं नाही. पण तापमानाची नोंद नाही म्हणजे तो नमुना कशातून गेला हे सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही ते शोधनिबंधात लिहिता येत नाही. तिची तीन आठवड्यांची मेहनत त्या चकतीवर होती. ती आम्ही बाजूला ठेवली आणि मोजमापयंत्राच्या ड्रायव्हरकडे वळलो. यंत्र समोर उभं आहे, त्याला जोडलेल्या तारा दिसताहेत, आणि ड्रायव्हर म्हणतोय की या यंत्राला चॅनलच नाहीत, असा हा घोळ होता. तो सुटायला दोन दिवस लागले. एकात एक अडकलेल्या तीन चुका निघाल्या. त्या इथे सविस्तर सांगतो, कारण यंत्राला प्रश्न विचारणाऱ्या कोणालाही या वाटेने जावं लागतं.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा. प्रयोग करणाऱ्याला ‘तिसऱ्या थर्मोकपलचं तापमान सांग’ एवढंच म्हणायचं असतं. यंत्राला मात्र ठरावीक अक्षरांची, ठरावीक खुणेने संपणारी आज्ञा लागते आणि त्याचं उत्तरही अक्षरांच्या एका माळेतून येतं. या दोघांमधलं भाषांतर ड्रायव्हर करतो. तयार ड्रायव्हर मिळाला तर उत्तम. नाहीतर आपल्याला हवा तसा तो पायथनमध्ये स्वतः लिहावा लागतो, आणि संशोधनाच्या प्रयोगशाळेत हे काम नेहमीचंच.

आमचं यंत्र म्हणजे ३४९७०ए हा डेटा लॉगर. हेवलेट-पॅकार्डने तो बाजारात आणला. त्यांचा मोजमापयंत्रांचा व्यवसाय १९९९मध्ये अ‍ॅजिलंट आणि २०१४मध्ये कीसाइट या नावाने वेगळा झाला, त्यामुळे एकाच यंत्रावर वेगवेगळ्या वर्षांची वेगवेगळी नावं दिसतात. यंत्राच्या पाठीमागे कार्ड घालायच्या तीन खाचा आहेत. आम्ही पहिल्या खाचेत ३४९०१ए हे कार्ड घातलं आहे. त्यावर २० चॅनल आहेत आणि शिवाय विद्युतप्रवाह मोजायला दोन. आत मल्टिमीटर एकच, साडेसहा अंकी. कार्डावरचे छोटे रिले एकेका चॅनलला त्या मल्टिमीटरशी पाळीपाळीने जोडतात. हे रिले यांत्रिक असल्यामुळे प्रत्येक वेळी टक् असा आवाज होतो. आठ चॅनलचं स्कॅन चालू असेल तर दर फेरीला बारीक टकटक ऐकू येते. ही टकटक लक्षात असू द्या. चॅनलच्या क्रमांकात पहिला आकडा खाचेचा आणि पुढचे दोन चॅनलचे, म्हणून आमचे आठ थर्मोकपल १०१ ते १०८ या क्रमांकांवर आहेत.

यंत्राशी बोलायच्या या भाषेला मोठा इतिहास आहे. हेवलेट-पॅकार्डने आपली यंत्रं एकमेकांना जोडायला एक बस, म्हणजे सामाईक तारांची जोडणी, तयार केली होती. तीच १९७५मध्ये आयईईई ४८८ या नावाने सर्वांसाठी मानक झाली. आपण तिला जीपीआयबी म्हणतो. २४ पिनांचा, एकावर एक रचता येणारा तो जाड कनेक्टर ज्याने एकदा हाताळला तो विसरत नाही. एका बसवर जास्तीत जास्त १५ उपकरणं आणि सगळी मिळून २० मीटर केबल. पण या मानकाने तारा, व्होल्टेज आणि हस्तांदोलन एवढंच ठरवलं होतं. तारांवरून काय बोलायचं हे प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने ठरवत असे. १९८७च्या ४८८.२ या पुढच्या मानकाने काही वाक्यं सर्वांना सक्तीची केली. ‘*आयडीएन?’ विचारलं की यंत्राने निर्माता, मॉडेल, अनुक्रमांक आणि आतल्या प्रोग्रामची आवृत्ती अशा चार गोष्टी स्वल्पविराम देऊन सांगायच्या. ‘*आरएसटी’ म्हटलं की मूळ स्थितीला जायचं. १९९०मध्ये स्किपी ही आज्ञांची सामाईक भाषा आली आणि तिने व्होल्टेज मोजण्यापासून चॅनलची यादी लिहिण्यापर्यंतचं व्याकरण घालून दिलं. यादी कंसात लिहायची, कंस उघडल्याबरोबर @ हे चिन्ह, मग क्रमांक. सलग क्रमांक असतील तर मधे अपूर्णविराम.

एक गोष्ट मात्र या मानकांनी सक्तीची केली नाही. ‘तू कोण?’ याचं उत्तर प्रत्येक यंत्राला द्यावंच लागतं, पण ‘तुझ्याकडे चॅनल किती?’ असा सगळ्यांना बांधणारा प्रश्नच नाही. तो प्रत्येक यंत्रमालिकेत वेगळ्या शब्दांत विचारावा लागतो आणि उत्तरही वेगळ्या रूपात येतं. त्यामुळे स्वतः लिहिलेला ड्रायव्हर यंत्राचं नाव अचूक सांगतो आणि चॅनलपाशी अडखळतो, हे चित्र अनेकदा दिसतं. आमच्याही पडद्यावर नाव, मॉडेल, आवृत्ती सगळं बरोबर होतं. त्याखाली चॅनलच्या जागी चौकोनी कंस आणि आत काही नाही.

आमच्या जुन्या प्रोग्राममध्ये १०१ ते १०८ हे क्रमांक हातानेच लिहिलेले होते. यंत्राला विचारायची वेळच आली नव्हती. या वर्षी आम्ही क्यूकोड्स वापरायला लागलो. कोपनहेगन, डेल्फ्ट, सिडनी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या क्वांटम संगणनाच्या गटांनी मिळून तयार केलेला हा पायथनचा मुक्त संच आहे. यंत्रं, त्यांचे चॅनल आणि प्रत्येक चॅनलच्या राशी तो नीट मांडून ठेवतो. शिवाय प्रत्येक प्रयोगाच्या सुरुवातीला सगळ्या यंत्रांच्या सगळ्या मांडणीचं एक स्नॅपशॉट नोंदवतो. आम्ही नवा ड्रायव्हर लिहिताना ठरवलं की चॅनल हाताने लिहायचे नाहीत. यंत्राच्या पॅनेलवरून नेहमीप्रमाणे स्कॅनची यादी लावायची आणि ड्रायव्हरने ती यंत्राकडूनच विचारून घ्यायची. विचार चांगला होता. अजूनही तो मला चांगलाच वाटतो.

अशा वेळी मी विद्यार्थ्यांना पहिल्यांदा एकच काम सांगतो. आपला प्रोग्राम पूर्ण बंद करा आणि यंत्राशी थेट, हाताने बोला. पायव्हिसा हा पायथनमधून यंत्राशी बोलायचा संच उघडायचा, जोडणी करायची आणि एकेक प्रश्न टंकायचा. दुभाष्यावर संशय असेल तर त्याला खोलीबाहेर बसवायचं आणि पाहुण्याचं बोलणं स्वतःच्या कानांनी ऐकायचं. तिने पॅनेलवरून आठ चॅनलची यादी लावली आणि प्रश्न टंकला, ‘राउट:स्कॅन?’. उत्तर आलं:

#२३४(@१०१,१०२,१०३,१०४,१०५,१०६,१०७,१०८)

“सर, हे दोनशे चौतीस काय आहे? असं चॅनल आपल्याकडे नाहीये.”

ते दोनशे चौतीस नाहीच. # या चिन्हाचा अर्थ, पुढे एक ठोकळा येतोय. त्यानंतरचा २ सांगतो की ठोकळ्याची लांबी पुढच्या दोन अंकांत लिहिलेली आहे. ते दोन अंक ३४. म्हणजे यानंतरची बरोबर ३४ अक्षरं हा खरा मजकूर. आम्ही बोट ठेवून मोजलं. उघडणारा कंस आणि @ मिळून दोन, आठ क्रमांकांची २४, स्वल्पविराम सात, बंद होणारा कंस एक. एकूण ३४.

तारेचा जमाना आठवणाऱ्यांना ही रीत ओळखीची वाटेल. तारेच्या मजकुराआधी त्यात शब्द किती आहेत ते पाठवलं जायचं. घेणारा शब्द मोजून ताडून बघायचा आणि एखादा वाटेत गळला असेल तर लगेच समजायचं. ४८८.२ मानकातली ही ठोकळ्याची पद्धत त्याच जातीची आहे. तिचा आणखी एक उपयोग आहे. मजकुरात कुठलंही अक्षर आलं, अगदी ओळ संपल्याची खूण आली, तरी घेणारा फसत नाही. लांबी आधीच माहीत असल्यामुळे तो ३४ अक्षरं मोजतो आणि थांबतो.

आमचा ड्रायव्हर या मजकुराचं काय करत होता? स्वल्पविरामाजवळ तुकडे पाडत होता आणि प्रत्येक तुकड्याची संख्या करायला बघत होता. पहिला तुकडा ‘#२३४(@१०१’. याची संख्या होत नाही. पायथन तिथे स्पष्ट तक्रार करतो. पण त्या ओळींभोवती आम्ही ‘काहीही बिघडलं तर रिकामी यादी दे’ असं कुंपण घातलं होतं. यंत्र बंद असताना प्रोग्राम कोसळू नये म्हणून घातलं होतं, हेतू चांगला होता. त्या कुंपणात तक्रार अडकली आणि बाहेर फक्त रिकामी यादी आली.

तिने दुपारी एक दुरुस्ती करून बघितली. कुंपण सबंध यादीऐवजी प्रत्येक तुकड्याभोवती घातलं आणि हाताने मिळवलेला तोच मजकूर आत दिला. आता सहा चॅनल आले, १०२ ते १०७. तिचा चेहरा खुलला. मी तिला पहिल्या आणि शेवटच्या तुकड्याकडे बघायला सांगितलं. पहिल्याला पुढे ‘#२३४(@’ चिकटलेलं, शेवटच्याला मागे कंस. दोन्ही तुकडे कुंपणात अडकत होते आणि मधले सहा सुटत होते. अशा दुरुस्तीची मला फार भीती वाटते. शून्य चॅनल आले तर सकाळी कोणीतरी शोध घेतं. आठांपैकी सहा आले तर आलेख काढला जातो, तो सुंदर दिसतो, आणि भट्टीची दोन टोकं कधी मोजलीच गेली नाहीत हे कित्येक महिने कोणाच्या लक्षात येत नाही. भट्टीत तापमानाचा फरक नेमका टोकांनाच जास्त असतो.

म्हणून कुंपणच काढून टाकलं. लांबी वाचायची, तेवढी अक्षरं घ्यायची, @ आणि कंस तपासायचे, ते जागेवर नसतील तर आवाज करून थांबायचं. हाताने दिलेल्या मजकुरावर आठ चॅनल आले. तिने ड्रायव्हर जोडला, प्रोग्राम चालवला. चौकोनी कंस पुन्हा रिकामे.

दुसऱ्या दिवशीचा सकाळचा सगळा वेळ यात गेला. हाताने विचारलं की यंत्र आठ चॅनल सांगतं, ड्रायव्हरने विचारलं की काहीच नाही. प्रश्न तोच, केबल तीच. आम्ही ‘सिस्टिम:एरर?’ विचारलं, म्हणजे यंत्राला त्याच्या बाजूने काही चुकलंसं वाटतंय का ते पाहिलं. उत्तर आलं, शून्य, चूक नाही. हा प्रश्न लोक विचारायचा विसरतात, पण तो फार उपयोगी आहे. आज्ञेचं स्पेलिंग चुकलं असतं तर यंत्राने उणे ११३ सांगितलं असतं, म्हणजे अनोळखी आज्ञा. एका प्रश्नाचं उत्तर उचलायच्या आत दुसरा टाकला असता तर उणे ४१०. इथे यंत्र समाधानी होतं. म्हणजे आपण जे विचारलं त्याचं त्याने खरं उत्तर दिलं होतं.

उलगडा प्रयोगशाळेतल्या काकांमुळे झाला. व्हॅक्यूम पंप आणि भट्ट्या गेली अनेक वर्षं तेच सांभाळतात. चहाचा कप हातात घेऊन ते बाजूला उभे होते. म्हणाले, “सर, तुमचा प्रोग्राम सुरू झाला की यंत्राची टकटक थांबते बघा.”

आम्ही पुन्हा केलं. पॅनेलवरून स्कॅन लावलं, टकटक सुरू झाली. ड्रायव्हर जोडला आणि त्या क्षणी खोली शांत झाली. आम्ही दोघं पडद्याकडे बघत होतो, काका यंत्राचा आवाज ऐकत होते.

मग तारेवरचं संभाषणच उघडून बसलो. पायव्हिसामध्ये गेलेलं-आलेलं प्रत्येक अक्षर नोंदवायची सोय आहे, ती चालू केली. पहिली ओळ ‘*आयडीएन?’, त्याचं उत्तर. दुसरी ओळ ‘*आरएसटी’. तिसरी ‘राउट:स्कॅन?’. आणि उत्तर:

#१३(@)

लांबी एका अंकात, तो अंक ३, आणि तीन अक्षरं म्हणजे उघडा कंस, @, बंद कंस. व्याकरणात काडीची चूक नसलेलं, स्वच्छ उत्तर. यादी आहे आणि ती रिकामी आहे.

जोडणी झाल्याबरोबर यंत्र मूळ स्थितीला न्यायचं, ही ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची जुनी सवय. आधीच्या माणसाने काय लावून ठेवलंय कोण जाणे, म्हणून पाटी पुसून सुरुवात करायची. पण या यंत्रात ‘*आरएसटी’ने स्कॅनची यादीही पुसली जाते. माहितीपुस्तकात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. यादी राखून बाकीची मांडणी पूर्ववत करणारी प्रीसेट नावाची वेगळी आज्ञाही तिथेच आहे. आमचा ड्रायव्हर आधी फळा पुसत होता आणि मग फळ्यावर काय लिहिलंय ते विचारत होता. पहिल्या रात्री तर दोन्ही चुका एकदमच झाल्या होत्या. यंत्राने खरोखर ‘यादी रिकामी’ असं सांगितलं, ते वाचताना ड्रायव्हर चुकला, चूक कुंपणात अडकली आणि बाहेर रिकामीच यादी आली. उत्तर बरोबर होतं, पण ते चुकीच्या वाटेने आलं होतं. म्हणून एक चूक दुरुस्त करूनही पडद्यावर काहीच बदललं नाही. अशा जागी माणूस हमखास आपली पहिली, योग्य दुरुस्ती परत काढून टाकतो.

इथे थांबून एक गोष्ट बोलायला हवी, कारण या सगळ्याचा गाभा मला तिच्यात दिसतो. जुन्या मोजमापयंत्रांच्या रचनाकारांनी ‘नाही’ हा शब्द फार काळजीने हाताळला आहे. स्कॅनची यादी रिकामी असेल तर यंत्र गप्प बसत नाही, ते ‘#१३(@)’ असं पूर्ण वाक्य बोलतं. खाचेत कोणतं कार्ड आहे हे ‘सिस्टिम:सीटाइप? १००’ असं विचारता येतं. कार्ड असेल तर त्याचा मॉडेल क्रमांक येतो आणि खाच मोकळी असेल तर कंपनीचं नाव व पुढे तीन शून्यं येतात. म्हणजे ‘मी बघितलं, इथे काही नाही’. राशी मापनमर्यादेच्या बाहेर गेली तर ९.९ गुणिले १०चा ३७वा घात ही संख्या येते. स्किपीत ती अनंताची खूण आहे. आणि जी संख्या मुळात संख्याच नाही तिच्यासाठी ९.९१ गुणिले १०चा ३७वा घात अशी वेगळी खूण आहे. फार मोठं आणि अर्थहीन या दोन गोष्टी एक नाहीत, हे त्यांनी दशांशाच्या एका घराने वेगळं करून ठेवलं. यादी रिकामी असणं, खाच मोकळी असणं, मर्यादा ओलांडणं, संख्या नसणं, उत्तरच न येणं, या पाच गोष्टींसाठी पाच वेगळ्या खुणा. आमच्या ड्रायव्हरने त्या सगळ्यांचा एकच अर्थ केला होता, चौकोनी कंस आणि आत काही नाही.

संगणकात रिकामी यादी किती घातक ठरते, हे त्या रात्रीच्या फाइलने दाखवलं. ‘यादीतल्या प्रत्येक चॅनलचं तापमान वाच’ असं रिकाम्या यादीवर सांगितलं तर ते काम शून्य वेळा होतं आणि यशस्वीपणे संपतं. त्याहून वाईट म्हणजे शेवटचा शेरा. ‘सगळी तापमानं मर्यादेत आहेत का?’ असा प्रश्न पायथनला रिकाम्या यादीबद्दल विचारला तर तो ‘हो’ म्हणतो. हा पायथनचा दोष नाही. तर्कशास्त्राप्रमाणे ते उत्तर बरोबरच आहे. ज्या घरात मुलंच नाहीत त्या घराविषयी ‘या घरातली सगळी मुलं शाळेत जातात’ हे विधान खोटं ठरवायला शाळेत न जाणारं एक तरी मूल दाखवावं लागेल, आणि ते दाखवता येत नाही. म्हणून ३६०० वेळा ‘सर्व तापमाने मर्यादेत’. भट्टीच्या सुरक्षेचा निर्णय याच शेऱ्यावर सोपवलेला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या दिवशी बराच वेळ केला. आता तिथे आधी संख्या तपासली जाते. आठ मापं हातात आली का? आली तरच पुढचा प्रश्न.

‘*आरएसटी’ काढलं, टकटक चालू राहिली, ड्रायव्हरच्या यादीत आठ चॅनल आले. आणि क्यूकोड्सच्या स्नॅपशॉटमध्ये? शून्य.

तिसऱ्या चुकीला मात्र अर्धा तासच लागला. एव्हाना कुठे बघायचं हे कळलं होतं. यंत्र बरोबर सांगत होतं, ड्रायव्हर बरोबर वाचत होता. मग गडबड त्याच्या वरच्या मजल्यावर असणार. आम्ही चॅनलच्या वस्तू तयार करून ड्रायव्हरमध्ये एका साध्या पायथन यादीत ठेवल्या होत्या. क्यूकोड्स तिथे बघत नाही. यंत्राचा प्रत्येक उपभाग त्याच्याकडे रीतसर नोंदवावा लागतो, त्यासाठी ‘अ‍ॅड सबमॉड्यूल’ नावाची पद्धत आहे, आणि स्नॅपशॉट काढताना तो फक्त ही नोंदवही उघडतो. मूल जन्मलं, घरात रांगतंय, पण रेशनकार्डावर नाव नाही, तशी आमच्या चॅनलांची अवस्था होती. नोंद केल्यावर आठही दिसले.

पण तेवढ्यावर मी तिला थांबू दिलं नाही. आपण ‘चॅनल’ हा एकच शब्द तीन अर्थांनी वापरत होतो, हे आता उघड झालं होतं. एक, कार्डावर प्रत्यक्ष असलेले चॅनल, जे स्क्रूने तारा बांधायच्या जागा म्हणून हाताला लागतात. दोन, त्यांपैकी स्कॅनच्या यादीत घातलेले. तीन, प्रोग्राममध्ये त्यांच्या नावाने तयार केलेल्या वस्तू. ड्रायव्हरने कोणते सांगायचे? आमचा पहिला ड्रायव्हर दुसऱ्या अर्थाचा प्रश्न विचारत होता आणि पहिल्या अर्थाच्या उत्तराची वाट बघत होता. यादी क्षणात पुसली जाते, कार्ड कुठे जात नाही.

म्हणून मांडणीच बदलली. ड्रायव्हर आता जोडणी झाल्यावर तिन्ही खाचांना ‘सीटाइप’ विचारतो. ३४९०१ए दिसलं तर त्या खाचेचे २२ चॅनल तयार करून नोंदवतो. मोकळी खाच दिसली तर मोकळी म्हणून लिहितो. ओळखीचं नसलेलं कार्ड दिसलं तर त्याचा क्रमांक सांगून थांबतो. स्कॅनची यादी ही त्याहून वेगळी, बदलती गोष्ट म्हणून ठेवली आहे. ती कधीही विचारता येते, रिकामी असू शकते, आणि रिकामी असेल तर मापन सुरू होत नाही.

तिने तपासणीसाठी आणखी एक छान गोष्ट केली. पायव्हिसा-सिम नावाची सोय आहे. एका साध्या फाइलमध्ये ‘हा प्रश्न आला तर हे उत्तर दे’ असं लिहून ठेवलं की खऱ्या यंत्राशिवाय ड्रायव्हर तपासता येतो. तिने त्या दोन दिवसांत तारेवर पकडलेली खरी उत्तरं, ‘#२३४’वालं, ‘#१३’वालं, तीन शून्यांचं, जशीच्या तशी त्यात घातली. सोबत एक अर्धवट तुटलेलंही, ज्यात लांबी ३४ म्हटली आहे पण अक्षरं ३०च आहेत. ड्रायव्हरमध्ये कोणीही काही बदललं की आधी ही चारही उत्तरं त्याच्यासमोर येतात. मनाने रचलेल्या उदाहरणांपेक्षा खऱ्या यंत्राच्या तोंडचे शब्द तपासणीत असले की माझा जास्त विश्वास बसतो. आमच्या मूळ चुकीचं कारणच ते होतं. यंत्र असं उत्तर देत असेल असं आम्ही गृहीत धरलं होतं, ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी काकांनी यंत्र बंद करून कार्ड पहिल्या खाचेतून काढलं, दुसऱ्या खाचेत घातलं आणि पुन्हा चालू केलं. ड्रायव्हरने सांगितलं, १०० मोकळी, २०० मध्ये ३४९०१ए, चॅनल २०१ ते २२२, ३०० मोकळी. मग त्यांनी जीपीआयबीची केबलच उपसली. या वेळी पडद्यावर लाल अक्षरं उमटली की ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही, चॅनल माहीत नाहीत. ‘चॅनल नाहीत’ असं त्याने म्हटलं नाही.

कार्ड परत पहिल्या खाचेत गेलं, नवी चकती भट्टीत ठेवली, उघड्या, म्हणजे तार तुटलेल्या, थर्मोकपलची तपासणीही चालू केली. रात्री निघताना तिने दिवा मालवला आणि दाराशी क्षणभर थांबली. आतून टकटक ऐकू येत होती. सकाळच्या फाइलमध्ये आठ रकाने होते. पहाटे तीननंतर १०६च्या रकान्यात सलग ९.९ गुणिले १०चा ३७वा घात होता आणि शेरा बदलला होता: ‘१०६ उघडा, उरलेले सात मर्यादेत’. काकांनी भट्टीचं झाकण काढून बघितलं. १०६चा थर्मोकपल वेल्डच्या जागी तुटलेला होता. ते नवीन तार आणायला गेले आणि तिने त्या सात रकान्यांचा आलेख काढायला घेतला.